अकरा हजार आया

"म्हणजे तुमच्या कागदाप्रमाणे," उर्मिलाकाकी चष्म्याच्या वरून बघत म्हणाल्या, "अख्ख्या महाराष्ट्रात सेकंदाला दोनच माणसं लग्नाचा विचार करतात."

"सरासरी दोन," मी म्हणालो. "जास्तीत जास्त नऊ."

"आणि बाकीची?"

"बाकीची सुखी असावीत."

हे मी चोविसाव्या वर्षी, साताऱ्यात, 'बोहलं वधू-वर सूचक केंद्रा'च्या ऑफिसात बसून बोललो. भिंतीवर केंद्रानं जमवलेल्या जोडप्यांचे फोटो होते आणि त्यातलं एकही माझ्या विनोदावर हसलं नाही. त्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. त्यानंतर मी बँकांची कामं केली, इस्पितळांची केली, पण डिस्क म्हणजे काय ते मला त्या ऑफिसात समजलं, आणि समजावून दिलं ते एका भटजींनी.

माझं काम सांगतो. केंद्राचं मुख्य मशीन साताऱ्यात होतं आणि त्याची जुळी प्रत नागपुरात. कोणी काही बदललं, म्हणजे फोटो बदलला, उंची दोन इंचांनी वाढवली, एखादं स्थळ 'पसंत' केलं, की तो बदल आधी लॉगमध्ये लिहिला जायचा. लॉग म्हणजे जे घडलं ते घडलं त्या क्रमानं लिहिणारी वही. तिथून तो नागपूरला जायचा. विदर्भातले लोक नागपूरची प्रत बघायचे. तेव्हा ही वही ज्या डिस्कवर लिहायची ती डिस्क मागे पडली, की नागपूर मागे पडणार. डिस्क कोणती घ्यायची आणि किती वेगाची, हे ठरवणं माझ्याकडे होतं. त्यावर मी बावीस पानं लिहून आणली होती. सार एका ओळीचं होतं: फोटो ज्या साध्या डिस्कवर आहेत त्यावरच लॉगही ठेवा, भरपूर झालं.

"जोएलराव," काकी म्हणाल्या, "गेल्या हंगामात काय झालं ते तुम्हाला सांगितलंय ना कोणी?"

"नागपूर मागे पडलं होतं."

"पाच तास मागे पडलं होतं." त्यांनी कागद खाली ठेवला. "देवयानी मोहितेचं सकाळी ठरलं. मी स्वतः तिचं नाव 'ठरलं'मध्ये टाकलं. साताऱ्यात ठरलं. नागपुरात मात्र संध्याकाळपर्यंत पोरगी मोकळीच दिसत होती. अमरावतीच्या तीन घरांनी तिच्या वडलांना फोन केले. समोर नवऱ्या मुलाचे काका बसलेले. त्यांनी तिसरा फोन झाल्यावर चहा अर्धा ठेवला आणि ते उठले."

"मोडलं?"

"मोडलं. मुलीकडचे अजून स्थळं बघतायत, असं म्हणाले. सव्वीस वर्षं हे केंद्र चालवते मी. माझ्यामुळं मोडलेलं ते पहिलं लग्न. यंदा पुन्हा असं झालं तर मी बाहेरची पाटी उतरवणार. ती उतरवायची नाही म्हणून तुम्हाला बोलावलंय."

"काळजी करू नका," मी म्हणालो. "ते जुनं मशीन होतं." सगळा दोष जुन्या मशीनचा आहे असं आमच्या कंपनीनं आधीच ठरवून टाकलं होतं, कारण नवं मशीन आमचं होतं.

कोपऱ्यातल्या टेबलावर परचुरे गुरुजी पत्रिका जुळवत बसले होते. त्यांनी आतापर्यंत मान वर केली नव्हती. आताही केली नाही.

"मोजणी केव्हा केलीत?" त्यांनी विचारलं.

"वीस सप्टेंबर ते चार ऑक्टोबर. सलग पंधरा दिवस, अहोरात्र. एक सेकंदही सोडला नाही."

गुरुजींनी पंचांग ओढलं, बोटाला थुंकी लावून पानं उलटली आणि एका पानावर थांबले. मग पंचांग मिटून काकींकडे बघितलं. काकींनी डोळे मिटून घेतले.

"काय झालं?"

"भाद्रपद वद्य प्रतिपदा ते अमावास्या," गुरुजी म्हणाले. "तुम्ही पितृपक्ष मोजलात."

"म्हणजे?"

"अवो, त्या पंधरवड्यात लग्नाचा विषयसुद्धा काढत नाहीत," काकी म्हणाल्या. "स्थळ बघणं सोडा, माणसं नवी चप्पल घेत नाहीत. तुम्ही कावळ्यांची वर्दळ मोजून आलात, जोएलराव."

"पण एका सेकंदाला नऊ नोंदी झाल्या होत्या," मी म्हणालो. आकड्यांवर माझा विश्वास होता. लॅपटॉप उघडून त्या नऊ नोंदी कोणाच्या ते बघितलं. सात माझ्याच मोजणीच्या प्रोग्रॅमनं केल्या होत्या. नोंद घेण्यासारखं काही नाही, अशी नोंद तो घेत होता. आठवी परचुरे गुरुजींनी पासवर्ड बदलल्याची होती. नववी कॅनडातल्या एका मुलाची होती. त्याला पितृपक्षाचं कोणी कळवलं नसावं.

"तुमच्यात नसतं का असं काही?" काकींनी विचारलं. आवाजात राग नव्हता, खरंच विचारत होत्या.

आम्ही अहमदनगरचे साळवे. माझे आजोबा चर्चमध्ये चाळीस वर्षं बाजाची पेटी वाजवायचे. "लेंट असतो," मी म्हणालो. "ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस. त्यात लग्नं लागत नाहीत."

"मग?"

"मग काही नाही. आपल्याकडे असतं ते दुसऱ्याकडेही असेल, एवढं सुचलं नाही."

गुरुजी उठले आणि माझ्यासमोर येऊन बसले. "हे पाहा साळवे, पत्रिका मी निवृत्तीनंतर बघायला लागलो. त्याआधी तेहतीस वर्षं वीज मंडळात, सबस्टेशनला होतो. सरासरीनं आजवर एकही ट्रान्सफॉर्मर जळलेला नाही. जळतो तो संध्याकाळी सात वाजता, सगळी गावं एकदम दिवे लावतात तेव्हा. तुम्ही मला सांगा, तुमच्या डिस्कचे सात कधी वाजतात?"

हा प्रश्न माझ्या बावीस पानांत कुठंच नव्हता.

"तुळशीच्या लग्नाला," काकी म्हणाल्या. "दुसरं कधी?"

चोवीस दिवस उरले होते. मी पुण्याला आमच्या कंपनीच्या साहेबांना फोन करून सांगितलं की माझा अहवाल चुकला आहे. "किती पानं चुकली?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "मुखपृष्ठ बरोबर आहे." ते म्हणाले, साताऱ्यातच राहा आणि बरोबर करून ये.

अडचण अशी होती, की हंगाम आल्याशिवाय हंगाम मोजता येत नाही. गेल्या वर्षीचा लॉग जुन्या मशीनबरोबर गेलेला. म्हणून मी वही-पेन घेऊन काकींच्या समोर बसलो.

"त्या संध्याकाळी काय होतं ते मला मिनिटामिनिटानं सांगा."

"सूर्य मावळला की तुळशीचं लग्न लावतात. पावणेसातपर्यंत मंगलाष्टकं. मग ऊस, बोरं, आवळा, चुरमुऱ्यांचा प्रसाद. सव्वासातला घरातली आई पदराला हात पुसत आत येते, नवऱ्याकडे बघते आणि म्हणते, तुळशीचं झालं, आता आपलं बघा. नवरा टीव्ही लावतो. मग ती स्वतःच बघायला बसते."

"अशा किती आया?"

"यंदा नाव नोंदवलेल्या? अकरा हजार."

"सगळ्या सव्वासातला?"

"जवळजवळ निम्म्या. बाकीच्यांच्यात ऊस सोलायला उशीर होतो."

मी लिहिलं: पाच हजार चारशे आया, वेळ पंधरा मिनिटं. मग असा प्रोग्रॅम लिहिला जो या आयांचं सोंग घेईल. 'आई-१' पासून 'आई-५४००' पर्यंत. प्रत्येक आई पाच स्थळं बघणार, पाचही पसंत करणार आणि जाणार. चालू करून काकींना दाखवला. त्या पाच मिनिटं बघत राहिल्या, पाकिटातल्या भाज्या बघतात तशा.

"ह्या कुठल्या आया?"

"का?"

"एकसुद्धा मागं फिरत नाही. खरी आई एकदा दाबून थांबते का? पसंत करते. मग मुलाचे कान मोठे दिसले म्हणून काढून टाकते. मग पगार वाचून परत पसंत. मग नणंदेला दाखवते, नणंद म्हणते बरं आहे, म्हणून पुन्हा काढते."

"नणंद बरं म्हणाली म्हणून काढते?"

"तुमचं लग्न झालेलं नाही, जोएलराव. चार लिहा."

मी चार लिहिले. पाच स्थळं, प्रत्येकी चार वेळा. वीस बटणं एका आईची, म्हणजे पंधरा मिनिटांत एक लाख आठ हजार, म्हणजे सेकंदाला एकशेवीस. हे काही फार नव्हतं. साधी डिस्क सेकंदाला दीडशे नोंदी करते. मी मनातल्या मनात मुखपृष्ठाबरोबर शेवटचं पानही बरोबर धरायला लागलो होतो.

प्रोग्रॅम पुन्हा चालू केला. आकडा चार हजार तीनशे वीसवर गेला आणि मशीन थबकलं. पंधरा मिनिटांच्या आयांचा पसारा आवरायला त्या डिस्कला सात तास लागले असते. आम्ही दोन तास वाट बघितली आणि तुळशीचं लग्न रद्द केलं.

"एकशेवीसचे चार हजार कुठून आले?" मी स्वतःलाच विचारलं. उत्तर लॉगमध्ये होतं. कोणी बटण दाबलं की सॉफ्टवेअर त्या दोघांच्या पत्रिका नव्यानं जुळवत होतं आणि छत्तीस गुणांच्या छत्तीस वेगळ्या नोंदी करत होतं. एका बटणामागे छत्तीस.

"छत्तीस?" परचुरे गुरुजी जागेवरून उठलेच. इतकं चिडलेलं मी त्यांना पुन्हा कधी बघितलं नाही. "कोणी लिहिलं हे? कूट आठ असतात! वर्ण, वश्य, तारा, योनी, ग्रहमैत्री, गण, भकूट, नाडी. नाडीला आठ गुण आहेत म्हणून नाडी आठदा लिहायची? परीक्षेत शंभर गुण मिळाले तर पोरगं शंभर वेळा पास होतं का?"

"म्हणजे आठ नोंदींत काम होईल?"

"होईल म्हणजे? तेच शास्त्र आहे!"

दोन दिवसांत छत्तिसाचे आठ केले. सेकंदाला चार हजार तीनशे वीसचे नऊशे साठ झाले. लिहायचा भार साडेचार पटीनं कमी करण्याचं श्रेय एका ज्योतिषाला द्यावं लागलेला अहवाल आमच्या कंपनीच्या इतिहासात तोवर नव्हता. मी तो तसाच लिहिला. संदर्भ म्हणून दाते-बिते काही न लिहिता 'परचुरे, तोंडी' असं लिहिलं.

नऊशे साठही साध्या डिस्कला झेपणारे नव्हते. तेव्हा लॉगला फोटोंपासून वेगळं काढलं आणि त्याच्या एकट्यासाठी दोन वेगवान एसएसडी डिस्क मागवल्या. दोन्हींवर एकच मजकूर, एक गेली तरी दुसरी वही सांभाळेल. हे मी काकींना समजावून सांगत होतो, तर त्या म्हणाल्या, "जोडी आहे आणि वेगळी खोली पाहिजे. यात काय समजवायचंय?" नागपूरची लाइन तुटली तर बारा तासांचा मजकूर मावेल एवढी जागाही ठेवली. आणि गुरुजींच्या सबस्टेशनच्या हिशेबानं वेग दुप्पट धरला, एकोणीसशेवीस. गोळाबेरीज दोन हजार. दोन हजारपर्यंत सोंगाच्या आया सोडून बघितल्या. नागपूर एका सेकंदानंही मागे पडलं नाही. मी पुन्हा पूर्वीसारखा आत्मविश्वासानं वावरायला लागलो.

तुळशीच्या लग्नाच्या दिवशी केंद्राच्या अंगणातल्या वृंदावनापाशी साडेसहाला लग्न लागलं. मंगलाष्टकं गुरुजींनी म्हटली. अंतरपाटाचं एक टोक मी धरलं होतं. दुसरं धरायला भिंतीवरचा खिळा होता. सात वाजता आम्ही तिघं स्क्रीनसमोर बसलो. स्क्रीनवर दोन आकडे होते: सेकंदाला किती नोंदी आणि नागपूर किती सेकंद मागे.

सात बाराला आकडा दोनशे होता. सात चौदाला सहाशे. सात सोळाला नऊशे चाळीस.

"मी म्हटलं नव्हतं?" काकी म्हणाल्या.

"वीसनं चुकलात."

"त्या फलटणच्या. तिकडे ऊस उशिरा येतो."

नागपूर: शून्य. गुरुजींनी आवळा तोंडात टाकला. मी खुर्चीत मागे रेललो. खरं सांगायचं तर, जेवायला कुठं जायचं याचा विचार करत होतो.

सात बाविसाला आकडा तेराशे झाला. मग सतराशे.

"अजून आया आल्या?" गुरुजींनी विचारलं.

"नाही. आया संपल्या. ज्या धरल्या होत्या त्या सगळ्या आत आहेत." आकडा दोन हजार शंभर झाला. "हे दुसरंच कोणीतरी आहे."

इथून पुढं आम्ही कधीच जाऊन बघितलं नव्हतं. दोन हजार दोनशे. नागपूर: एक सेकंद मागे. दोन हजार तीनशे. नागपूर: तीन. काकींनी टेबलाची कड धरली. त्या आकड्याकडे बघत नव्हत्या, त्या समोरच्या भिंतीवर जिथं देवयानीचा फोटो लागायचा होता त्या मोकळ्या जागेकडे बघत होत्या.

"थांबवता येतं का?" त्यांनी विचारलं.

"येतं. पण थांबवलं तर आता लिहितायत त्यांचं अर्धवट राहील. चालू द्या. डिस्क दमलेली नाही, रांग लागलीय. आठाचे छत्तीस असते तर आत्ता दहा हजार असते, मग मी स्वतः पळून गेलो असतो." हे मी ठामपणे बोललो. नागपूर: चार. मी लॉग उघडला, कोण लिहितंय ते बघायला. एकाच घराच्या ओळी वर आल्या.

सात बावीस चार सेकंद, आई: पसंत. सात बावीस नऊ, मुलगी: नापसंत. सात बावीस सतरा, आई: पसंत. सात बावीस एकोणीस, मुलगी: नापसंत.

खाली दुसरं घर. आई: पसंत. मुलगा: नापसंत. आई: पसंत. मुलगा: नापसंत. त्याच्या खाली तिसरं. मी पानं सरकवत राहिलो. सगळीकडे तेच होतं. फक्त नाशिकच्या एका घरात मुलगी पसंत म्हणत होती आणि आई नापसंत.

"पोरांना पासवर्ड कोणी दिले?" मी विचारलं.

काकींनी टेबलाची कड सोडली. "मीच. दसऱ्याला. देवयानीचं झाल्यावर वाटलं, आपल्याबद्दल काय चाललंय ते पोरांना निदान बघता यावं. बघायला दिले होते. दाबतील असं वाटलं नव्हतं."

गुरुजींनी आवळ्याची बी काढून कागदावर ठेवली. "सगळं मोजलं आपण," ते म्हणाले. "आया मोजल्या, नणंदा मोजल्या, ऊस मोजला. नवरा-नवरी राहिले."

नागपूर: चार. चार. तीन. आकडा दोन हजार तीनशेवर ठाम होता, पण रांग ओसरायला लागली होती. दोन. एक. मग शून्य, आणि शून्यच राहिलं. मी काही बोललो नाही. अशा वेळी बोललं की आकड्याला ऐकू जातं असं माझं तेव्हा मत होतं.

तेवढ्यात फोन वाजला. काकींनी स्पीकरवर टाकला. फलटणहून शशिकलावहिनी जगदाळे बोलत होत्या.

"उर्मिलाताई, तुमची साईट यंदाही बिघडलीय! वर्ध्याचं डॉक्टरचं स्थळ मी पसंत करतेय, तर ते टिकतच नाहीये. वीस वेळा दाबलं. ते लोक तिकडं नागपुरावरनं बघत असतील, काय म्हणतील?"

मी त्यांचं घर शोधलं. वीस नव्हे. आई एकवीस वेळा, मुलगी एकवीस वेळा. मी काकींसमोर स्क्रीन फिरवली.

काकींनी ओळी वरपासून खालपर्यंत वाचल्या. मग फोनकडे वाकून म्हणाल्या, "साईट एकदम ठणठणीत आहे, वहिनी. तुमचं पसंत कोणीतरी काढतंय."

"कोण काढतंय? इथं मी एकटीच बसलेय."

"घरात आणखी कोण आहे?"

"हे टीव्हीपुढं. आणि मृण्मयी आत तिच्या खोलीत..."

फोनवर फक्त टीव्हीचा आवाज येत राहिला. मग खुर्ची सरकली आणि लांबून हाक ऐकू आली, "अगं मृण्मयी..." फोन ठेवायचं त्या विसरल्या. काकींनी आपल्या बाजूनं ठेवला.

"आता?" मी विचारलं. "दोघींपैकी कोणाचं धरायचं? सॉफ्टवेअर जे शेवटी आलं ते धरतं."

"मग शेवटी कोण बोलतंय ते बघू."

आकडा अठराशेवर आला. मग बाराशे. मग सहाशे. गुरुजी पुढं सरकले. "बिघाड?"

"नाही," मी म्हणालो. "घरांतून बोलायला लागलेत."

आठ वाजता तो शंभराच्या खाली होता. अंगणात कोणीतरी फटाके लावत होतं. काकी हललेल्या नव्हत्या. त्यांची नजर एकाच घराच्या ओळींवर होती. सात एक्केचाळीसनंतर तिथं काहीच लिहिलं गेलं नव्हतं.

आठ वाजून सहा मिनिटांनी फलटणहून एक नोंद आली. आईच्या पासवर्डनं. नापसंत.

त्याच सेकंदाला ती नागपुरातही होती.